दादांची रेघ

त्या दिवशीची हकीकत मला चौघांनी सांगितली आहे. आईनं सांगितली, धाकट्या आजोबांनी सांगितली आणि धाकट्या आजीनं तर मी न विचारताच तीन-चारदा. प्रत्येकाच्या सांगण्यात बाकीचे मूर्ख आणि सांगणारा तेवढा शहाणा. आजीनं मात्र एकदाच सांगितली, तीही भाजी निवडता निवडता, चार वाक्यांत. मी माझ्या परीनं जुळवून सांगते. कुणाला राग आला तर येऊ दे, तसाही आमच्याकडे कुणाचा राग कधी वाया जात नाही.

दादा, म्हणजे माझे आजोबा, जाऊन तेवीस दिवस झाले होते. सकाळचे दहा वाजलेले. आमच्या पाट्या रंगवायच्या दुकानात फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरं कापड पसरलं होतं आणि धाकटे आजोबा, म्हणजे दादांचे धाकटे भाऊ, त्यावर गुडघे टेकून बसले होते. वरच्या ओळीत ‘भाडेकरू एकजूट सभा’. तिच्याखाली ‘अध्यक्षस्थानी’, मग मोकळी जागा, आणि जागेच्या शेवटी आमचं आडनाव. आडनाव त्यांनी लिहूनही टाकलं होतं.

“आडनाव कोण पुसतंय?” ते धाकट्या आजीला म्हणाले. “मी असो नाहीतर ती असो, आडनाव तेच.”

“ती असो म्हणे!” धाकटी आजी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. “अहो, नाव पण लिहून टाका. एकदा रंग सुकला की कोण खरवडत बसणार आहे?”

“पाच वाजता सभेत ठरणार आहे.”

“सभेत म्हणजे तुमची पुतणी ठरवणार. तुम्ही बसा पुन्हा शिडी धरून.”

ही शिडी त्यांना बरोबर लागली. तीस वर्षं दादा शिडीवर चढले आणि धाकट्या आजोबांनी शिडी धरली. दादा भिंतीवर मागण्या रंगवायचे, खाली माणसं गोळा व्हायची, मग दादा शिडीवरूनच भाषण सुरू करायचे. त्यातूनच तर ही भाडेकरूंची चळवळ उभी राहिली. भाषण दोन तास चालो की तीन, शिडी सोडायची सोय नव्हती. दादांच्या अंत्ययात्रेचा फोटो वर्तमानपत्रात आला त्यात सगळं घर होतं. धाकट्या आजोबांचं फक्त कोपर आलं होतं. तो फोटो त्यांनी घडी करून पाकिटात ठेवला होता आणि दिवसातून दोनदा काढून स्वतःचं कोपर बघायचे.

आणि त्यांच्या मनात खरी सल होती ती रेघेची.

बाकीचे पाटीवाले आधी शिरोरेषा ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगतात. आमच्या दुकानाची रीत उलटी. आधी बोडकी अक्षरं, रेघ मागून. ही रीत दादांनी पाडली. अक्षरं खाली फरशीवर व्हायची, आणि काम संपलं की दादा कापड गुंडाळून वर घरी न्यायचे, खोलीचं दार लावून घ्यायचे. “रेघेला एकांत लागतो,” म्हणायचे. कापड खाली यायचं ते रेघ ओढून. ना दोरी, ना पट्टी, ना खडूची खूण. बारा हातांची रेघ, एका दमात ओढलेली, कुठे जाड नाही की बारीक नाही. दुसऱ्या गावचे पाटीवाले ती बघायला यायचे. चळवळीतली माणसं म्हणायची, दादांची रेघ आणि दादांचा शब्द, दोन्ही सरळ.

धाकट्या आजोबांनी ती रेघ जमवायला काय नाही केलं! अक्षरं त्यांची दादांपेक्षा देखणी, हे दादाही कबूल करायचे. पण रेघ ओढायला घेतली की मधल्या हातभरात ती पोटात कळ आल्यासारखी वाकायची. शेवटी मुकाट्यानं खडूची दोरी ताणायची. रक्ताच्या भावावर माणूस जळतो कसा हे मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, असा जळतो. तेवीस दिवस भाऊ नाही म्हणून रडत होते, आणि रडता रडता एक विचार मनात यायचाच, की आता ती रेघ ओढणारं कुणी उरलं नाही.

साडेदहाला आई आली. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती, वकिली सुरू करून चार वर्षं झाली होती, आणि काळा कोट अंगात असला की धाकटी आजी तिला ‘वकीलबाई’ म्हणायची. चांगल्या अर्थानं नाही.

“काका, कोर्टानं सांगितलंय, सगळ्या वस्त्यांच्या वतीनं एकच नाव हवं. उद्या अकरापर्यंत,” ती उभ्या उभ्याच म्हणाली. “अर्जावर एक सही. दोन गट दोन अर्ज घेऊन आले तर कोर्ट ऐकणारच नाही. मग परवा कालव्याकाठची एकशेवीस घरं पाडायला मालक मोकळे.”

“म्हणूनच तर सभा आहे.”

“सभेआधी घरात ठरायला हवं. आपण दोन तोंडांनी गेलो तर…”

बोलता बोलता तिचं लक्ष खाली गेलं. चपला काढून ती कापडापाशी बसली आणि मोकळ्या जागेवर वीत टाकायला लागली. एक, दोन, अडीच.

आई याच फरशीवर वाढलेली. आठव्या वर्षी तिला नुसत्या डोळ्यांनी कळायचं, अमुक जागेत किती अक्षरं बसतील. आमच्याकडे मुलांना पाढ्यांच्या आधी हे येतं.

“काका, इथे पाच अक्षरं बसतात. त्यात एक जोडाक्षर.”

“बरं मग?”

“माझं नाव तीन अक्षरी आहे.”

“हाताच्या सवयीनं सोडली जागा! तीस वर्षं तिथे दादाचं नाव लिहितोय मी.”

“बाबांचं चार अक्षरी. जोडाक्षर नाही.”

“अगं, मापं काय काढतेस काकाची!” धाकटी आजी मध्ये पडली.

आई उठली, तिनं खिळ्याला अडकवलेला खाकी कागद काढला. दादांच्या नावाचा खाका तो, अक्षरांच्या कडेकडेनं टोचलेला, हजार वेळा वापरून मऊ पडलेला. तिनं तो मोकळ्या जागेवर ठेवला. उजवीकडे एका अक्षराची जागा उरली आणि वर थोडी.

धाकट्या आजोबांचं नाव पाच अक्षरी आहे आणि त्यात एक जोडाक्षर आहे, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. धाकट्या आजोबांचे कान लाल झाले. मला सांगताना ते म्हणाले होते, “चोरी करताना पकडला गेलो असतो तरी परवडलं असतं गं. चोराला निदान माल मिळतो.”

पण त्या वेळी ते असं काही म्हणाले नाहीत. त्या वेळी ओरडले. “हो, सोडली जागा! माझ्यासाठी सोडली! कुणाचं काय चुकलं? पोलिसांच्या काठ्या मी खाल्ल्या. दादा कोठडीत असायचा तेव्हा दारोदार मी हिंडायचो. तू कुठे होतीस? वसतिगृहात, पुस्तकं उघडून!”

“कुणी पाठवलं मला वसतिगृहात? मी मागितलं होतं?” आईचा आवाज चढला. “काहीही विचारलं की बाबा म्हणायचे काकाला विचार. शाळेची सही, काका. सहल, काका. सकाळी बाहेर पडताना तुमच्या खांद्यावर हात, परत येताना तुमच्या खांद्यावर हात. मी वकील झाले कशाला माहितीय? एक दिवस तरी त्यांना माझ्याकडे काहीतरी विचारावं लागेल म्हणून!”

आई मला हे सांगताना इथे नेहमी थांबते आणि म्हणते, मी काकांचा जितका हेवा केला तितका कुठल्या मैत्रिणीचाही केला नाही. मग पुढे सांगते.

तेवढ्यात कालव्याकाठचे मास्तर आले. हे शाळामास्तर, बारीक चणीचे, छत्री घेऊन हिंडणारे. त्यांचं स्वतःचं घर त्या एकशेवीसांत होतं. त्यांनी कापड पाहिलं, आडनाव पाहिलं, दोघांची तोंडं पाहिली.

“वा, आडनाव सुकलं पण,” ते म्हणाले. “हे बघा, आम्हाला तुमच्या घरातलं कुणीही चालेल. टेकडीवाल्यांनाही चालेल, मी बोलून आलोय. दादांचं घर म्हटलं की लोक मान देतात अजून. पण एकच नाव द्या. दोन दिलीत तर आम्ही आमचं तिसरं काढू, टेकडीवाले चौथं काढतील, आणि परवा माझ्या बायकोला भांडी घेऊन कुठे बसवू ते तेवढं मला सांगा.”

आईनं खाका पुन्हा खिळ्याला अडकवला.

“मी बाहेर पायरीवर बसतो,” मास्तर म्हणाले. “नाव ठरलं की हाक मारा. नाही ठरलं तरी मारा.”

आजी वर होती. जिन्याच्या मागच्या गच्चीत बसून ब्रश धुत होती. दुकानाचे ब्रश तीस वर्षं तिनंच धुतले. रॉकेलमध्ये बुडवायचे, चिंधीनं पुसायचे, केस सरळ करून ओळीनं ठेवायचे. दादा गेल्यापासून तिच्याशी जो तो हळू आवाजात बोलत होता, जशी काही तीच आजारी आहे.

आधी धाकटे आजोबा वर आले.

“वहिनी, तुम्ही एक शब्द टाकलात तर ती ऐकेल. दवाखान्यात दादा मला काय म्हणाला माहितीय? म्हणाला, तेवढं तू बघ. माझा हात धरून म्हणाला.”

“बरं,” आजी म्हणाली.

“म्हणजे चळवळ बघ असंच ना?”

“भावजी, तो पातळ ब्रश द्या इकडे.”

ते खाली गेले, पाच मिनिटांत आई वर आली. तिनं आजीच्या शेजारी बसून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. असा हात ती कधी ठेवत नसे.

“आई, तू काकांना समजाव. बाबा जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मला म्हणाले, तेवढं तू बघ. याचा अर्थ तुला कळतो ना?”

आजीनं ब्रश खाली ठेवला. मला सांगितलेल्या चार वाक्यांतलं हे पहिलं: मला हसू आलं आणि दोघांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

“तेवढं तू बघ,” आजी म्हणाली. “अगं, ते दूधवाल्याला पण हेच म्हणायचे. चल खाली.”

“पण आई…”

“चल म्हणते ना.”

आजी हातात धुतलेला रुंद ब्रश तसाच घेऊन खाली आली. दुकानात धाकटे आजोबा एका टोकाला, धाकटी आजी त्यांच्यामागे. आई जाऊन दुसऱ्या टोकाला उभी राहिली. मध्ये कापड.

“शेवटचा आठवडा तुम्ही दोघांनी वाटून घेतलात,” आजी म्हणाली. आवाज चढवला नाही. “सकाळ भावजींची, संध्याकाळ हिची. मला दुपार आली. दुपारी ते झोपायचे.”

“वहिनी, तसं काही मनात…”

“थांबा. मी तीस वर्षं थांबले, तुम्ही दोन मिनिटं थांबा. सभा असली की ते सभेचे, संप असला की संपाचे. घरी आले की शिडीवर काय घडलं ते सांगायला भावजी बरोबर. हिचं पत्र आलं की चार दिवस तेच पत्र. मला वाटायचं, मी काय वाईट केलंय? मला का नाही कधी म्हणाले, तेवढं तू बघ? तुम्ही दोघं इथे भांडताय, कुणाला ते जास्त लाभले म्हणून. मी वर बसून ऐकत होते आणि माझा जीव जळत होता. तुम्हाला भांडण्याइतके तरी मिळाले.”

धाकट्या आजीनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या आयुष्यातला हा तसा दुर्मीळच प्रसंग.

“त्या जागेत माझं नाव लिहा,” आजी म्हणाली.

आई म्हणते, मला धक्का बसला. धाकटे आजोबा म्हणतात, मला बरं वाटलं. दोघांचंही खरं मला धाकट्या आजीकडून कळलं: दोघांनी एकदम मान हलवली, इतक्या घाईनं की कुणी आधी हलवली हेही कळलं नाही. आईला काकांचं नाव बघवलं नसतं, काकांना आईचं. आजीचं दोघांनाही चाललं. चळवळीची एकजूट एकजूट म्हणून आमच्याकडे अजून जे सांगतात, ती झाली ही अशी.

“कोर्टात बोलायचं तू,” आजी आईला म्हणाली. “वस्त्यांमधून हिंडायचं भावजींनी. सही मी करेन. सही मला येते.”

“उत्तम!” धाकटे आजोबा लगेच गुडघ्यांवर बसले, रंगात ब्रश बुडवला, कडेला निथळला, मोकळ्या जागेवर नेला. आणि थांबले.

ब्रशच्या टोकावर थेंब जमायला लागला.

“काय झालं?” आई म्हणाली.

“वहिनी,” ते वर न बघता म्हणाले, “तुमच्या नावाला वेलांटी पहिली का दुसरी?”

दुसऱ्यांची हजारो नावं लिहिलेला माणूस. गावातल्या प्रत्येक न्हाव्याचं, दाताच्या डॉक्टरचं, चक्कीवाल्याचं नाव त्यांना वेलांटी-उकारासकट पाठ. आणि तीस वर्षं एका घरात जेवून हे त्यांना माहीत नव्हतं. वहिनी म्हटलं की भागत होतं.

“दुसरी,” आई म्हणाली. “मी प्रत्येक फॉर्मवर लिहिते.”

“छे, पहिली असणार,” धाकटी आजी म्हणाली.

“काकू, माझ्या आईचं नाव मला…”

“पहिली,” आजी म्हणाली. “तू शाळेत होतीस तेव्हापासून दुसरी लिहितेस.”

आई गोरीमोरी झाली. “मग बोलली का नाहीस कधी?”

“तू इतकं भराभर लिहायचीस. राहून गेलं.”

धाकट्या आजोबांनी पहिली वेलांटी काढली. नाव दोनच अक्षरी. पाच अक्षरांच्या जागेत दोन अक्षरं म्हणजे मोठ्या पलंगावर तान्हं मूल निजवल्यासारखं दिसायला लागलं. त्यांनी ती रुंद केली, ऐसपैस केली, पोटं भरून रंग दिला. आई सांगते, एवढं सुंदर अक्षर काकांनी पुन्हा कधी काढलं नाही. मग ते उठले आणि खुंटीवरची खडूची दोरी काढून एक टोक धाकट्या आजीच्या हातात देऊ लागले.

“दोरी ठेवा,” आजी म्हणाली.

तिनं चष्मा कपाळावर सरकवला. रुंद ब्रश रंगात बुडवला, दोनदा उलटसुलट केला. कापडाच्या डाव्या कडेला बसली, श्वास घेतला आणि ओढायला लागली. गुडघ्यांवर सरकत, बाजूला सरकत, कुठेही न थांबता. ‘भाडेकरू’वरून, ‘एकजूट’वरून, ‘सभा’वरून. दर शब्दापाशी मनगट जरासं उचलून हवेतच पुढे, मग पुन्हा टेकवून. शेवटच्या अक्षरानंतर तिनं श्वास सोडला.

रेघ सरळ होती. कुठे जाड नाही, बारीक नाही.

पायरीवरून मास्तर आत डोकावले होते. धाकटे आजोबा खाली वाकले, मग एका डोळ्यानं रेघेच्या या टोकापासून त्या टोकाला बघितलं, जसं ते दर वेळी दादांच्या रेघेकडे बघायचे, कुठेतरी वाक सापडेल या आशेनं.

“वहिनी, ही तर दादाची रेघ.”

“त्यांना कुठली जमायला?” आजी चष्मा डोळ्यांवर घेत म्हणाली. “रेघ ओढताना तोंड बंद ठेवावं लागतं. त्यांना ते जमत नसे. पहिल्या वर्षी एकदा मी ओढून दिली, मग तेच पडलं. दार लावून घ्यायचे, मी ओढायची, ते कडेला बसून दुसऱ्या दिवशीचं भाषण म्हणायचे. माझ्यापुढे.”

धाकटे आजोबा फरशीवर मांडी घालून बसले. दोरी हातात तशीच.

“तीस वर्षं, वहिनी. तीस वर्षं मी त्या माणसावर जळलो. झोपेतसुद्धा जळलो हो. तुम्ही बघत होतात ना?”

“बघत होते.”

“मग एकदा तरी सांगायचं!”

आजीनं खालच्या ओळीसाठी ब्रश पुन्हा रंगात बुडवला. मग ती जे बोलली त्यातलं शेवटचं वाक्य हेच मला सांगितलेल्या चारांतलंही शेवटचं, आणि ते सांगताना तिनं भाजी बाजूला ठेवली होती.

“तुम्ही कापडापाशी उभे राहायचात आणि तुमचा चेहरा असा व्हायचा की काय सांगू, भावजी. त्यांना वाटायचं तुम्ही त्यांच्यावर जळताय. मला माहीत होतं तुम्ही कुणावर जळताय ते. या घरात तेवढं एक माझं होतं.”

दारातून मास्तरांनी घसा खाकरला. “नाव ठरलं म्हणायचं का मग?”

“ठरलं,” धाकटे आजोबा म्हणाले. त्यांनी खडूची दोरी गुंडाळून खिशात घातली आणि खालच्या ओळीसमोरून बाजूला सरकले. “पण आत येऊ नका अजून. वहिनींची रेघ व्हायची आहे.”